पिंपातले पाणी आणि सर रोनाल्ड रॉस

पालकहो आणि विद्यार्थी मित्रांनो, मालेगावात पाण्याचे मोल काय आहे हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. नळाला पाणी आले की घरातील लहानथोर सारी माणसे हंडे, बादल्या आणि रबरी नळ्या घेऊन धावतात. पिंप भरले, रांजण भरला, मोरीतली टाकी भरली की घरातल्या बाईचा जीव भांड्यात पडतो. भरलेले पाणी ही आपल्याकडे घराची शिल्लकच असते. या शिल्लकेला एक चोर लागतो, आणि तो बाहेरून येत नाही, त्या पाण्यातच जन्मतो. त्या चोराचा माग काढण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या सर रोनाल्ड रॉस यांची जीवनकथा मी आज तुम्हाला सांगणार आहे.

त्याआधी एक घरची आठवण सांगतो. २००६ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत आपल्या शहरात चिकुनगुनियाचे दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मी त्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसलो होतो. आमच्या घरी आधी दादी आजारी पडली, मग अम्मी आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर मी. ताप तीन दिवसांत उतरला, पण सांधे सोडीनात. बोटे वळत नव्हती म्हणून मी पेन मुठीत धरून पेपर लिहिले. आजाराचे नावसुद्धा आम्ही पूर्वी ऐकले नव्हते. मोहल्ल्यात कोणी पाण्याला दोष देई, कोणी हवेला. त्याच फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, म्हणून कोणी कोंबडीवरही ठपका ठेवी. आमच्या घराच्या कोपऱ्यात बिनझाकणाचे एक निळे पिंप होते. त्याच्याकडे मात्र कोणीच पाहिले नाही.

आता रॉस यांच्याकडे वळू. रोनाल्डचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अल्मोडा येथे झाला. वडील इंग्रजांच्या हिंदी फौजेत अधिकारी होते व पुढे जनरल झाले. दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी विलायतेला धाडण्यात आले. त्याचा ओढा चित्रकला, काव्य, संगीत आणि गणित यांकडे. डॉक्टर व्हावे असे त्याच्या मनात मुळीच नव्हते, पण वडिलांनी ठरवले आणि मुलगा लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकी शिकू लागला. अभ्यासात तो बेताचाच होता. पालकांनी मुलाच्या मनाविरुद्ध शाखा निवडावी की नाही, या वादात हे उदाहरण दोन्ही पक्षांना वापरता येईल, म्हणून मी ते कोणाच्याच बाजूने वापरत नाही. काही काळ जहाजावर डॉक्टरकी करून १८८१ साली रॉस हिंदी वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि मद्रासकडे आले.

विद्यार्थी मित्रांनो, पुढची हकीकत नीट लक्षात ठेवा. १८८३ साली त्यांची नेमणूक बंगलोरला झाली. राहायला बंगला मिळाला, पण त्यांच्या खोलीत डासांचा सुळसुळाट. इतरांच्या खोल्यांपेक्षा आपल्याकडेच डास जास्त का, असा प्रश्न त्यांना पडला. शोधता शोधता खिडकीबाहेर पाण्याने भरलेले एक पिंप दिसले. वाकून पाहतात तो पाण्यात असंख्य अळ्या वळवळत आहेत! त्यांनी पिंप उपडे केले. थोड्याच दिवसांत खोलीतले डास जवळजवळ नाहीसे झाले.

उत्साहाच्या भरात त्यांनी पलटणीच्या ॲड्ज्युटंटला ही गोष्ट सांगितली. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाभोवती तशीच पिंपे, फुलदाण्या आणि डबे आहेत. तेही रिकामे करावेत अशी सूचना केली. त्या गृहस्थाने ती हसण्यावारी नेली. डास हे निसर्गाच्या व्यवस्थेतले आहेत, ते काही हेतूनेच निर्माण झाले असतील, माणसाने ते सोसावेत, असे त्याचे म्हणणे पडले. पाणी जिथल्या तिथे राहिले. डासांमुळे रोग होतो हे त्या वेळी रॉस यांनाही ठाऊक नव्हते. हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो असेच सारे जग मानत होते. म्हणजे उपाय आधी सापडला आणि रोगाचे कारण चौदा वर्षांनी कळले. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पिंप उपडे करायला विद्वत्ता लागत नाही, खिडकीबाहेर वाकून पाहावे लागते.

१८८० साली लाव्हेराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरला अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक सूक्ष्म जीव दिसला होता. पण तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हे कोडे उरले होते. १८९४ साली रजेवर लंडनला गेले असता रॉस यांची गाठ डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी पडली. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे मॅन्सन यांनी पूर्वीच चीनमध्ये असताना पाहिले होते. हिवतापाचेही तसेच असावे, असा त्यांचा तर्क होता. मात्र त्यांचा तर्क अर्धाच बरोबर होता. डास पाण्यात मरतो, ते पाणी माणूस पितो आणि त्याला ताप येतो, असे त्यांना वाटे. मोठ्या माणसाची चूकही मोठी असते, आणि शिष्याला ती बराच काळ वाहावी लागते.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला आले आणि डास चिरू लागले. दोन वर्षे गेली. डासामागून डास चिरले, पण पोटात काही सापडेना. मध्येच बंगलोरला कॉलऱ्याच्या कामावर जावे लागले. उटीकडे गेले असता त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. अपयशाचे कारण अगदी साधे होते. ते हाताला लागतील ते डास घेत होते. त्यांच्या वहीत डासांचे दोन वर्ग होते, एक करडे आणि दुसरे अंगावर पट्टे असलेले. हे दोन्ही डास घरात मुबलक सापडतात, पण हिवतापाचे जंतू त्यांच्या पोटात वाढतच नाहीत. चोर तिसराच होता.

१८९७ चा ऑगस्ट उजाडला. बेगमपेटच्या लष्करी रुग्णालयातील ती लहानशी खोली उन्हाळ्याप्रमाणे तापलेली. पंखा ओढून घ्यावा तर चिरलेले डास उडून जाणार, म्हणून पंखा बंद. कपाळाचा घाम सूक्ष्मदर्शक यंत्रावर गळून त्याच्या खिळ्यांना गंज चढलेला, एकुलत्या भिंगाला तडा गेलेला. ऑगस्टच्या मध्यास त्यांच्या माणसांनी एका बाटलीत वेगळ्या अळ्या आणून दिल्या. त्यांतून निघालेले डास तपकिरी होते, पंखांवर ठिपके होते आणि भिंतीवर बसताना ते शेपूट वर करून बसत. आज या जातीला आपण ॲनोफेलिस म्हणतो.

रुग्णालयात हुसेन खान नावाचा एक रुग्ण होता. त्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू भरपूर होते. १६ ऑगस्टला त्याला मच्छरदाणीत निजवून हे नवे डास आत सोडण्यात आले. प्रत्येक चाव्याला एक आणा असा करार होता. दहा डासांनी चावा घेतला आणि हुसेन खानला दहा आणे मिळाले. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या स्वस्तात इतकी मोठी गोष्ट क्वचितच विकत घेतली गेली असेल. जगाने रॉस यांचे नाव पाठ केले, पण ज्याच्या रक्तात उत्तर होते त्याचे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? वर्गात विचारून पाहा.

पुढचे चार दिवस डास मरत गेले, चिरले गेले. २० ऑगस्टला उरलेल्या दोघांपैकी एकाला रॉस यांनी चिरले. थकलेल्या डोळ्यांनी पोटाचा पापुद्रा पाहत असता त्यांना काही वाटोळ्या पेशी दिसल्या आणि त्या पेशींत हिवतापाच्या जंतूत असतात तसेच काळे कण! दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला. त्याच्या पोटातल्या पेशी आणखी मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या पोटात जगत होते, वाढत होते. जगभर २० ऑगस्ट हा डास दिन म्हणून पाळतात, त्याचे कारण हे.

आता शाबासकी मिळावी की नाही? मिळाला तो बदलीचा हुकूम. मेवाडातल्या खेरवाड्यासारख्या आडगावी त्यांना धाडण्यात आले. तेथे हिवतापाचे रुग्णच फारसे नव्हते. सरकारी नोकरीत असलेल्या पालकांना याचे नवल वाटणार नाही. मॅन्सन यांनी लंडनमध्ये खटपट केली तेव्हा १८९८ च्या फेब्रुवारीत रॉस कलकत्त्यास प्रयोगशाळेत आले.

तेथे त्यांनी मदतनीस घेतले. त्यांतील एक लवकरच सोडून गेला. मोहंमद बक्ष मात्र टिकला आणि रॉस यांचा उजवा हात बनला. डबकी धुंडाळून अळ्या आणायच्या, डास वाढवायचे, पक्षी पकडायचे, पिंजऱ्यांवर मच्छरदाण्या चढवायच्या, ही सगळी कामे तो करी. कलकत्त्यात तेव्हा प्लेगच्या लसीची दहशत होती. बोट टोचू द्यायला माणसे तयार होईनात, म्हणून रॉस यांनी पक्ष्यांचा हिवताप अभ्यासायला घेतला. गंमत पाहा, सिकंदराबादला निरुपयोगी ठरलेला करडा डासच पक्ष्यांच्या हिवतापाचा वाहक निघाला. जुलै १८९८ मध्ये जंतूंचा सारा प्रवास उलगडला. ते डासाच्या पोटातून निघून त्याच्या लाळेच्या ग्रंथीत जमतात आणि चावताना लाळेबरोबर नव्या शरीरात उतरतात. आजारी पक्ष्यांचे रक्त प्यालेले डास निरोगी चिमण्यांना चावू दिले, तेव्हा बहुतेक चिमण्यांच्या रक्तात जंतू दिसले. पाणी पिऊन ताप येतो हा गुरूचा तर्क गळून पडला. त्या काळचे एक छायाचित्र आहे. रॉस, त्यांच्या पत्नी रोझा आणि त्यांच्याबरोबर मोहंमद बक्ष व इतर मदतनीस. त्याच वर्षाअखेर ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीत मानवी हिवतापाचे चक्र पूर्ण सिद्ध केले. श्रेय कोणाचे, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जो कडवट वाद झाला तो मी इथे उगाळत नाही. रॉस यांचा स्वभाव गोड नव्हता, एवढे खरे. पुढे ते मॅन्सन यांच्याशीही कोर्टापर्यंत भांडले.

१८९९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. १९०२ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. एवढ्यावर अनेक चरित्रकार थांबतात. मला त्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण तेथे रॉस पुन्हा बंगलोरच्या त्या पिंपाकडे आले. आफ्रिकेतल्या फ्रीटाऊन शहरात त्यांनी डबकी शोधणारी पथके उभी केली. सुएझ कालव्यावरील इस्मायलिया गावी डबकी बुजवून आणि साचलेल्या पाण्यावर तेल टाकून काही वर्षांत हिवताप जवळजवळ हद्दपार झाला. अळीला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. तेलाचा पातळ तवंग तिची वाट बंद करतो.

लोक मात्र विचारीत, एकूण एक डास मारणे शक्य आहे का? लहानपणी आवडलेले गणित येथे कामी आले. मॉरिशस बेटावरील कामानंतर आणि १९११ च्या आपल्या ग्रंथात रॉस यांनी हिशेब मांडून दाखवले की सगळे डास मारण्याची गरजच नाही. एका ठराविक प्रमाणाखाली डासांची संख्या आली, की आजारी माणसाकडून पुरेशा नव्या माणसांपर्यंत रोग पोचत नाही आणि तो आपोआप विझत जातो. पण याला दुसरी बाजू आहे, तीही सांगतो. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत १९०२ पासून काही वर्षे डबकी बुजवण्याचा प्रयोग झाला आणि तो फसला असा निकाल इतर डॉक्टरांनी दिला. क्षेत्र तोकडे आणि पैसा अपुरा होता, डास बाहेरून येतच राहिले, असे रॉस यांचे उत्तर होते. मला ते पटते. आपण आपले पिंप घासले आणि शेजारच्या गच्चीवर टायर पाण्याने भरलेले राहिले, तर ताप आपल्याही घरी येणार.

आपल्या महाराष्ट्रातही रॉस यांच्या शोधाचा उपयोग लवकर झाला. डॉक्टर बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापाची चौकशी करून १९११ मध्ये अहवाल दिला. मुंबईत दलदलीपेक्षा घरोघरच्या विहिरी आणि टाक्या हे डासांचे माहेर आहे, असे त्यांना आढळले. स्वच्छ, गोड, पिण्याचे पाणी! विहिरी झाकण्याला श्रद्धेच्या कारणाने विरोधही झाला. घाण पाण्यातच डास होतात या समजुतीला मुंबईने तेव्हाच उत्तर दिले होते, पण ती समजूत अजून आपल्या गल्लीत जिवंत आहे. गटारात होतो तो करडा डास. त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो.

आणि तो पट्ट्यापट्ट्यांचा डास? रॉस यांनी हिवतापापुरता निर्दोष म्हणून बाजूला टाकलेला तो डास म्हणजे एडिस. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने हवानात सिद्ध केले की पीतज्वर हाच डास पसरवतो. डेंग्यूही त्याचाच. आपल्या राज्यात १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला चिकुनगुनियाची साथ आली ती त्याच्यामुळे, आणि २००६ मध्ये माझी बोटे वळेनाशी झाली तीही त्याच्यामुळेच. हा डास गटारात सहसा जात नाही. त्याला आपले झाकण नसलेले पिंप, कूलरची टाकी, फ्रीजमागची ताटली आणि गच्चीवरचे टायर आवडतात. त्याचे उड्डाणही लांब नसते. म्हणून तो चावला, तर बहुधा त्याचे घर आपल्याच गल्लीत असते.

माता-भगिनींनी एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला ती चिकटवते. कोरड्या भांड्यातही ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. तेव्हा पिंप नुसते उपडे करून भागत नाही. काथ्याने किंवा ब्रशने आतून कडा घासावी लागते. अंड्यापासून उडता डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून भांडी कोरडी करावीत. जे पाणी ओतून देणे परवडत नाही ते घट्ट झाकणाखाली किंवा पूर्ण बांधलेल्या कापडाखाली ठेवावे. कापड मध्ये खोलगट होऊन त्यात पाणी साचू देऊ नये. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या आवडीने खातात.

दुसरी गोष्ट यंत्रमागावर रातपाळी करणाऱ्यांसाठी. हिवतापाचा डास रात्री चावतो, पण एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी. आपल्याकडे हजारो माणसे रात्रभर लूमवर उभी राहून सकाळी घरी येऊन झोपतात, नेमकी त्याच्या जेवणाच्या वेळी! घरात मच्छरदाणी असेल तर ती रात्रीपुरती गुंडाळून ठेवू नका. दिवसा झोपणाऱ्या बापाला आणि पाळण्यातल्या बाळाला तिची गरज आहे.

धुराची गाडी आली की आपल्याला हायसे वाटते. पण धुराने फक्त उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही. औषधांवर सारी भिस्त ठेवण्याचे फळ देशाने पूर्वी भोगले आहे. १९५८ पासूनच्या डीडीटीच्या मोहिमेने १९६०च्या दशकात हिवताप लाखभर रुग्णांवर आला होता. डासांना औषधाची सवय झाली, कामात ढिलाई आली आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली.

आमच्या वर्गात दरवर्षी मी काचेच्या बरणीत अळ्या आणतो आणि तोंडाला मलमलीचे कापड बांधतो. अळी पाण्यात आडवी तरंगत असेल तर ती ॲनोफेलिस. डोके खाली करून लोंबकळत असेल तर करडा डास किंवा एडिस. मुले मधल्या सुट्टीत जेवण सोडून बघत बसतात. गेल्या वर्षी एका मुलीने बरणीतली अळी पाहिली आणि संध्याकाळी घरच्या सगळ्या भांड्यांत विजेरी लावून शोध घेतला. तिला ती सापडली पक्ष्यांसाठी ठेवलेल्या कुंड्यात.

रॉस यांना १९११ मध्ये सर हा किताब मिळाला. १९२६ मध्ये लंडनजवळ पटनी येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. १९२७ च्या जानेवारीत ते कलकत्त्यास आले आणि जेथे मोहंमद बक्षबरोबर काम केले त्या रुग्णालयाजवळ त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या प्रवेशद्वाराचे उद्घाटन त्यांच्यादेखत झाले. पैशांची चणचण त्यांना अखेरपर्यंत होती. आपली सारी कागदपत्रे त्यांना विकावी लागली. १९३१ मध्ये रोझाबाई वारल्या. १६ सप्टेंबर १९३२ रोजी पटनीच्या संस्थेत रॉस यांचे निधन झाले आणि पत्नीशेजारीच त्यांचे दफन झाले.

बेगमपेटची ती इमारत आजही जतन केलेली आहे. कोणी कामाने हैदराबादला गेलात, तर मुलांना घेऊन जरूर पाहून या. दारात उभे राहून त्यांना हुसेन खानचे दहा आणे सांगा.